शाळेत ड्रायव्हिंग शिकवावं का? माझं उत्तर : स्टिअरिंग सोडून बाकी सगळं शिकवा

सर, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. तुमच्या संस्थेने ११वी-१२वीच्या मुलांसाठी शाळेतच ड्रायव्हिंगचा कोर्स काढायचं ठरवलंय, एक माजी विद्यार्थी सिम्युलेटर (पडद्यावर गाडी चालवायचं मशीन) देणगी द्यायला तयार आहे, जुनी कारही मिळतेय, आणि संचालकांपैकी एकांचा भाचा न्यू जर्सीला असल्यामुळे "अमेरिकेत हायस्कूलमधेच शिकवतात म्हणून तिकडे शिस्त आहे" हा मुद्दा मीटिंगमधे निघाला. तुम्हाला विचारायचंय की याने अपघात खरंच कमी होतील का, आणि नसतील होणार तर शाळेने करावं काय.

मी कराडला गेली २२ वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. सुरुवात मारुती ८०० वर केली, डबल कंट्रोलची, म्हणजे माझ्या पायाखाली पण क्लच-ब्रेक. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमाला आसपासच्या शाळांमधे जाते. म्हणजे दोन्ही बाजू बघितल्यात, स्टिअरिंग हातात देऊन शिकवणं पण आणि वर्गात उभं राहून शिकवणं पण. त्यावरून आणि बाहेरच्या देशांत यावर जे काम झालंय ते वाचून माझं मत पक्कं झालंय की शाळेने मुलांना गाडी चालवायला शिकवलं म्हणून अपघात कमी होत नाहीत, उलट चुकीच्या वयात शिकवलं तर वाढू शकतात. पण शाळेला करण्यासारखं दुसरं भरपूर आहे आणि ते कोणीच करत नाही.

आधी अमेरिकेचं बघू कारण मुद्दा तिथूनच आलाय. पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमॉस नेहार्ट या प्राध्यापकांनी १९३४ च्या सुमारास हायस्कूलच्या मुलांना स्वतःच्या गाडीवर शिकवायला सुरुवात केली, हेतू अगदी प्रामाणिक होता. पुढे ते देशभर पसरलं, आणि १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानंतर तर राज्यांच्या सुरक्षा कार्यक्रमांतच ड्रायव्हर एज्युकेशन आलं. सगळे धरून चालले होते की शिकलेली मुलं कमी ठोकणार. नीट मोजून कोणी बघितलं नव्हतं.

मग १९७६ ला कनेक्टिकट राज्याने शाळांना यासाठी मिळणारे पैसे थांबवले. नऊ ठिकाणच्या शाळांनी कोर्स बंदच करून टाकला, बाकीच्यांनी कसाबसा चालू ठेवला. तेव्हा लोक म्हणाले असणार की आता मुलं न शिकताच रस्त्यावर येणार आणि अपघात वाढणार. झालं उलटं. जिथे कोर्स बंद झाला तिथे १६-१७ वर्षांच्या लायसन्सवाल्या मुलांची संख्या अर्ध्याहून खाली आली आणि त्या वयाचे गंभीर अपघातही तेवढेच खाली आले. कारण साधं आहे. शाळेत कोर्स नाही म्हटल्यावर बहुतेक मुलं १८ पर्यंत थांबली. म्हणजे कोर्स नेमकं काय करत होता, तर मुलांना लवकर लायसन्स मिळवून देत होता.

याहून मोठा प्रयोग जॉर्जिया राज्यात डिकाल्ब काउंटीत १९७७ ते १९८१ या काळात झाला. सुमारे १६ हजार मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाला ७० तासांहून मोठा कोर्स, वर्ग, सिम्युलेटर, बंद मैदान, खरा रस्ता, सगळं. दुसऱ्याला लायसन्सपुरतं जुजबी. तिसऱ्याला शाळेत काहीच नाही, घरचे शिकवतील तसं. मोठ्या कोर्सवाल्या मुलांचे लायसन्स मिळाल्यावरचे पहिले सहा महिने थोडे बरे गेले, पण तो फायदा पुढे टिकला नाही, आणि पुन्हा हिशोब केला तेव्हा लक्षात आलं की ही मुलं लायसन्स लवकर काढत होती त्यामुळे एकूण गटाचे अपघात उलट जास्तच भरत होते. २००१ मधे कोक्रेन या संस्थेने अशा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, जवळपास १८ हजार मुलं त्यात येतात, त्यांचाही निष्कर्ष हाच की शाळेतल्या ड्रायव्हिंग शिक्षणाने अपघात कमी होतात असा पुरावा नाही, लवकर लायसन्स मात्र मिळतं.

दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर तुमच्या मीटिंगमधे कोणीतरी काढेल. नेब्रास्का विद्यापीठाने २०१५ मधे दीड लाख मुलांची आठ वर्षांची माहिती बघितली, त्यात कोर्स केलेल्यांचे अपघात न केलेल्यांपेक्षा काहीसे कमी दिसले. पण तिथे चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते. कोर्सला पैसे भरणारं, मुलाला वेळ देणारं घर मुळातच वेगळं असतं, हे तुम्ही शिक्षक आहात तुम्हाला मी काय सांगू, ट्यूशनला येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांच्या मार्कांचं जसं असतं तसंच.

आता हे असं का होतं ते माझ्या गाडीतून सांगते, कारण आकड्यांवर विश्वास ठेवायला मलाच बरीच वर्षं लागली.

हात-पाय शिकायला वेळ लागत नाही. हाफ क्लच, चढावर गाडी मागे न येऊ देता उचलणं, रिव्हर्समधे एच मारणं, तरुण पोराला हे आठ-दहा दिवसांत येतं. ४५ च्या ताईंना एक महिना लागतो. पण मग कोण जास्त ठोकतं? तो तरुण पोरगा. त्याला येतंय असं त्याला वाटतं, आणि खरंच येत असतं, हात-पायाचं येत असतं. नजरेचं आलेलं नसतं. समोरची रिक्षा आता थांबणार हे तिच्या पुढच्या चाकाच्या वळण्यावरून कळणं, उभ्या एसटीच्या पुढून कोणीतरी येणारच हे धरून आधीच पाय ब्रेकवर जाणं, हे किलोमीटर पडल्याशिवाय येत नाही. नवीन मुलाची नजर बॉनेटच्या पुढे दहा-पंधरा फुटांवर असते, मी रोज ओरडते, "लांब बघ, लांब बघ". तो बघतो, दोन मिनिटांनी नजर परत खाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे एक मुलगा होता, १८ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात लर्निंग काढून आलेला. मी शिकवलेल्या सगळ्यात चांगल्या चार-पाच मुलांमधला. टेस्टला साहेबांनी कौतुक केलं. मीच त्याच्या वडिलांना म्हटलं होतं, "काळजीच करू नका, याचा हात एकदम साफ आहे." तीन महिन्यांनी रात्री साडेअकराला चार मित्रांना घेऊन ढाब्यावरून येताना सर्व्हिस रोडला उभ्या ट्रॉलीवर गेला. तो वाचला, पायात रॉड आहे. शेजारी बसलेला मित्र गेला. मी माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी भेटायला गेले तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर चांगला चालवतो म्हणाला होता." मी खोटं बोलले नव्हते. पण मी जे तपासलं होतं ते दिवसा, एकट्याला, मी शेजारी असताना. रात्र, मित्र, मोठ्याने लावलेली गाणी, हे मी कधी तपासलंच नव्हतं आणि टेस्टमधे पण कोणी तपासत नाही. त्या दिवसापासून कोणाच्या आईवडिलांना "हात साफ आहे" हे वाक्य मी बोललेले नाही.

आणि गंमत म्हणून शिकवलेली जास्तीची कौशल्यं तर अजून धोक्याची. नॉर्वेत नवीन चालकांना घसरत्या रस्त्यावर गाडी सावरायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं. तरुण पुरुषांचे घसरून होणारे अपघात त्यानंतर वाढले. सावरता येतं म्हटल्यावर पोरं वेगाने जायला लागली. म्हणून तुमच्या मुलांना कोणी "स्टंट सेफ्टी" किंवा "ॲडव्हान्स कंट्रोल" शिकवायला येत असेल तर दारातूनच नमस्कार करा.

मग न्यू जर्सीच्या भाच्याचं काय. त्याला विचारा, तो स्वतःच सांगेल. शाळेत थिअरी शिकवतात हे खरं, पण तिथे मुलाला आवरून धरतं ते थिअरी नाही, लायसन्सची पायरी-पायरीची पद्धत. १६ ला फक्त शिकाऊ, ६ तास इन्स्ट्रक्टरबरोबर, नंतर निदान सहा महिने मोठ्या माणसाला शेजारी बसवून चालवायचं. १७ ला जे मिळतं ते पण अर्धवट लायसन्स : रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत गाडी काढायची नाही, आईवडील बरोबर नसतील तर स्वतःवर अवलंबून असलेली माणसं सोडून एकच पॅसेंजर, आणि २०१० पासून अशा मुलांच्या नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावावा लागतो म्हणजे पोलिसाला लांबूनच कळतं. आता माझ्या त्या मुलाचा अपघात आठवा. रात्रीचे साडेअकरा, चार मित्र. तो न्यू जर्सीत असता तर त्या वेळी त्या गाडीत ती पाच पोरं बसणंच बेकायदा होतं.

ही पद्धत पहिल्यांदा संपूर्ण देशाला लावली न्यूझीलंडने, १९८७ मधे. नंतर अमेरिकेत १९९६ ला फ्लोरिडाने सुरू केली आणि मग एकेक करून सगळ्या राज्यांनी. जिथे नियम कडक तिथे नवीन पोरांचे अपघात कमी झालेत, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय.

अजून एक उदाहरण मला फार आवडतं, स्वीडनचं. तिथे लायसन्स १८ लाच, पण १९९३ मधे सरावाचं वय साडेसतरावरून १६ केलं, मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच. लायसन्सचं वय एक दिवसही अलीकडे आणलं नाही. ज्या मुलांनी याचा फायदा घेतला त्यांचा सराव सरासरी १२० तासांच्या आसपास गेला, आधी ४०-५० तास असायचा. या मुलांचे लायसन्सनंतरचे अपघात एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले.

आपल्याकडचा नियम बघा. मोटार वाहन नियमांप्रमाणे माझ्यासारख्या स्कूलमधे कारसाठी २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं निदान १० तास. लर्निंग निघाल्यावर ३० दिवस झाले की पर्मनंटची टेस्ट देता येते. त्या १० तासांत पण पोरगा रोज अर्धा तास चालवतो, मागच्या सीटवर दोघं नंबर लावून बसलेले. १२० कुठे आणि १० कुठे. आणि टेस्ट पास झाली की त्याच रात्री पाच जणांना बसवून तो घाटात जाऊ शकतो, कोणीही अडवणार नाही. आपला खरा खड्डा इथे आहे. तो बुजवायचं काम सरकारचं, पण घरातही अर्ध्याहून जास्त करता येतं, त्यावर पुढे येते.

पण त्याआधी एक गोष्ट मान्य करायला पाहिजे की तुमची ११वीची मुलं गाडी चालवतच नाहीत असं नाही. तुमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत क्लासच्या वेळेला किती ॲक्टिव्हा लागलेल्या असतात ते एकदा मोजा. कायदा सांगतो १६ पूर्ण झालेल्याला फक्त ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी. ॲक्टिव्हा ११० सीसीची. म्हणजे १६ ला काढलेलं ते लायसन्स दाखवून जी गाडी चालवतात ती मुळात त्या लायसन्सवर बसतच नाही, आणि हे निम्म्या पालकांना माहीतच नसतं, ते खरोखर मनापासून म्हणतात "त्याच्याकडे लायसन्स आहे की". मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९९अ कलम आलं : अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मधे पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले तेव्हा हे कलम सगळ्यांच्या तोंडी होतं. दोन महिने पालक घाबरून होते, नंतर परत गल्लीत गाड्या.

अशा वेळी शाळेनेच ११वीत कोर्स काढला तर घरी काय निरोप जातो ते बघा. "शाळेनेच शिकवलंय, सर्टिफिकेट आहे, जा घेऊन." कनेक्टिकटचं जे झालं तेच. वय झालेलं नसताना तुम्ही परवानगी दिल्यासारखं होईल, आणि काही झालं तर लोक शाळेचंच नाव घेतील. सिम्युलेटरचं पण तेच, ४० मुलांचा वर्ग, एक मशीन, प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात तासभर, आणि पडद्यावर ठोकलं की गाडी परत पहिल्या जागेवर उभी. देणाऱ्यांना सांगा की तेच पैसे हेल्मेटला द्या, सायकलला रिफ्लेक्टर आणि मागचे लाइट लावायला द्या.

आपल्या मुलांचा धोका स्टिअरिंगमागे कमी आणि रस्त्यावर बाकी सगळीकडे जास्त आहे हे पण विसरू नका. २०२२ मधे देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यात दुचाकीवरची जवळपास ४४ टक्के. १८ च्या आतली साडेनऊ हजार. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ दोन्ही वर्षी १५ हजारांहून जास्त मृत्यू. यातली बरीच मुलं पायी, सायकलवर, कोणाच्यातरी मागे बसलेली. गाडी शिकवून यांचं काय भलं होणार?

तर मग शाळेने काय करावं. मी जे करते ते सांगते, खर्च जवळपास शून्य.

पहिलं, ट्रक. एखाद्या पालकाचा ट्रक रविवारी ग्राउंडवर उभा करायचा, इंजिन बंद, चावी माझ्या खिशात. बारा मुलं घ्यायची. चार ट्रकच्या नाकासमोर अगदी चिकटून, चार डाव्या दाराखाली, चार मागे. मग बाकीच्यांपैकी एकेकाला ड्रायव्हरच्या सीटवर चढवायचं आणि विचारायचं, किती मित्र दिसतात? गेल्या वेळी एक मुलगी वर चढली, उंच होती, तरी आरशात वाकून-वाकून बघून म्हणाली, "तीन". खाली बाराच्या बारा उभे होते, तिची सख्खी बहीण डाव्या दाराखाली हात हलवत होती. ती उतरल्यावर काही बोललीच नाही, बहिणीला धरून उभी राहिली. हे झालं की मग ट्रकच्या डाव्या बाजूने घुसू नका हे वेगळं सांगावं लागत नाही. एसटीतून उतरून बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडायची सवय पण इथेच तोडायची, कारण आता त्यांना कळलेलं असतं की वरून आपण दिसतच नाही.

दुसरं, ब्रेक. शाळेसमोरचा डांबरी रस्ता अर्धा तास बंद करून घ्यायचा, पोलीस स्टेशनला आधी पत्र दिलं की मिळतो. खडूने एक रेघ. मी स्कूटर घेऊन २० च्या वेगाने येते, रेघेवर शिट्टी वाजते, मी ब्रेक मारते. त्याआधी प्रत्येकाने मी कुठे थांबेन असं वाटतं तिथे आपल्या नावाची चिठ्ठी दगडाखाली ठेवायची. २० ला साधारण आठ-नऊ मीटर लागतात. मग ४० च्या वेगाने. बहुतेकांची चिठ्ठी दुप्पट अंतरावर असते, १७-१८ मीटर. मी जाऊन थांबते २१-२२ ला. शिट्टी ऐकून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ११ मीटर गेलेले असतात, ते टेपने वेगळे मोजून दाखवायचे. मग वर्गात गणिताच्या सरांनी ६० चं काढून द्यायचं : ४० मीटरच्या आसपास, तेही कोरडा रस्ता, चांगले टायर. हा फिजिक्सचा ९वीचाच धडा आहे, फक्त रस्त्यावर.

तिसरं आपल्या भागाचं खास, उसाची ट्रॉली. हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असला तरी ऊस लोंबून झाकलेला. अंधार पडल्यावर ग्राउंडच्या एका टोकाला भरलेली ट्रॉली उभी करायची, दुसऱ्या टोकाला स्कूटरचा डिम लाइट लावून, मुलांनी चालत जायचं आणि ट्रॉली दिसली की हात वर करून थांबायचं. तिथून पुढे ट्रॉलीपर्यंत पावलं मोजायची. बहुतेकांची २५-३० पावलं भरतात, म्हणजे २०-२२ मीटर. मग परत आठवण करून द्यायची, ६० ला थांबायला किती लागतात म्हणालो होतो? ४०. तिथे सगळे शांत होतात. मग त्याच ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावून परत चालायला लावायचं, ग्राउंडच्या पार त्या टोकावरून हात वर होतात. यातली निम्मी मुलं ट्रॅक्टरवाल्या घरातलीच असतात, ती त्याच रात्री घरी जाऊन पट्ट्या लावतात, मी बघितलंय.

चौथं सगळ्यात अवघड. मागे बसणाऱ्याला "नाही" म्हणता यायला पाहिजे. ट्रिपल सीट बसायचं नाही, पिलेल्याच्या मागे बसायचं नाही, पळवायला लागला तर उतरायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एकदा एक १२वीतली मुलगी मला म्हणाली, "मॅडम, नाही म्हटलं तर परत बोलवणार नाहीत." तिचं खरंच होतं. तेव्हापासून मी त्यांना वाक्यं तयार करायला लावते, त्यांच्या स्वतःच्या तोंडची. "मला उलटी येतेय, थांबव." "पप्पा इथेच घ्यायला येतायत." जोड्या करून मोठ्याने बोलायची, हसत-खिदळत का होईना पण बोलायची, दहा वेळा. एकदा तोंडातून निघालेलं वाक्य वेळेला परत निघतं. आणि पालकसभेत पालकांकडून शब्द घ्यायचा की मुलाने रात्री कुठूनही फोन केला तर न रागावता आणायला जायचं, प्रश्न दुसऱ्या दिवशी.

हेल्मेटचं थोडक्यात. डोक्यावर हेल्मेट आणि पट्टा मोकळा, हे मुलींमधे पण खूप आहे, क्लिपने केस ओढतात म्हणून. बांधून दाखवा, पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत एवढं घट्ट, मागून वर ढकललं तर निघता कामा नये. आयएसआयचा शिक्का बघायला शिकवा.

मी स्वतः शाळेत आरएसपीत (शाळेतलं रस्ता सुरक्षा पथक) होते, शिट्टी, निळा गणवेश, २६ जानेवारीची परेड. त्याचा अभिमान अजून आहे. तुमच्या शाळेत आरएसपीचं पथक असेल तर परेडबरोबर वरची चार कामं त्या मुलांकडे द्या. ८वी-९वीची मुलं शिकवतात तेव्हा ११वीवाले जास्त ऐकतात.

आता पालक. स्वीडनची गोष्ट त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे १६ ला सराव कायद्यात बसत नाही, त्यामुळे १८ ला लर्निंग निघाल्यावरच सुरू करायचं, एल बोर्ड लावून, शेजारी लायसन्सवालं माणूस. पण ३० दिवस झाले म्हणून लगेच टेस्टला पाठवायचं नाही. लर्निंग सहा महिने चालतं, सहाच्या सहा वापरा. एक वही करा : तारीख, किती किलोमीटर, दिवस की रात्र, पाऊस, घाट, बाजाराचा दिवस. माझ्या मुलीला मी शिकवलं तेव्हा मी इन्स्ट्रक्टर असूनही हेच केलं. तिच्या वहीत पर्मनंट निघेपर्यंत २,३०० किलोमीटर होते आणि त्यातला कुंभार्ली घाट दोनदा, एकदा भर पावसात. पर्मनंट मिळाल्यावर पहिलं वर्ष घरचा नियम : रात्री १० नंतर गाडी नाही, एका मैत्रिणीहून जास्त कोणी नाही. ती चिडली, चार महिने रोज वाद. चालेल. कायद्यात नसलेली ती न्यू जर्सीची पायरी मी घरात बांधली होती.

तुमच्या मीटिंगसाठी माझं म्हणणं असं मांडा की कोर्सची गाडी आणि सिम्युलेटर नको, वर्षातून तीन शनिवार-रविवार आणि दोन पालकसभा द्या. पालकसभेत १९९अ कलम आणि ५० सीसीचा मुद्दा मी कागदावर लिहून आणीन आणि सह्या घेऊ. ट्रॉलीचा प्रयोग मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच ठेवा, कारखाने तेव्हा सुरू झालेले असतात आणि भरलेली ट्रॉली मिळते. ट्रॅक्टरवाल्यांशी मी बोलते, पट्ट्यांचे रोल पण मी आणते. तुम्ही फक्त त्या संध्याकाळी ग्राउंडवरचे दिवे बंद ठेवायचं शिपाई काकांना सांगून ठेवा.